चाकावरच्या घराचं नवं रूप : आधी गळती, मग झालर

संसार चाकावर घालून निघणं आपल्याला काही नवं नाही. दसरा-दिवाळी सरली की बीड भागातून ऊसतोडीच्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, पासोड्या, शेळी-कोंबडी सगळं गाडीत. तमाशाचा फडही असाच गावोगाव फिरतो. पण आपल्याकडं गाडीतून जातो तो संसार. घर म्हणजे कोपी किंवा तंबू, ते मुक्कामाला पोचल्यावर उभं राहतं. अमेरिकेत मात्र भिंती, खिडक्या, चूल, पलंग आणि मोरीसकट अख्खं घरच मोटारीच्या मागं जोडून नेतात. त्याला तिकडं ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. इंग्लंडात त्याचंच नाव कॅरॅव्हॅन.

या फिरत्या घराची आतली सजावट जुनी झाली की ती नवी करण्याचा छंद अमेरिकेत मोठा आहे. वीस-तीस वर्षांचा वापरलेला ट्रेलर स्वस्तात घ्यायचा, स्वतः राबून तो आतून नवा करायचा आणि कुटुंब घेऊन फिरायला निघायचं. यात कुणाचे पैसे सार्थकी लागतात, कुणाचे पाण्यात जातात. 'पाण्यात' हा शब्द इथं शब्दशः घ्यावा. ते कसं, हे पुढं येईलच.

'आम्हा शेतकऱ्यांना याचं काय?' असं कुणी विचारील. तर महाराष्ट्र शासनानं २०२० साली कृषी पर्यटनाचं आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. शेतावर पाहुणे उतरवणं हा जोडधंदा होऊ शकतो, हे आता सरकारी कागदावर आलं आहे. अशा वेळी एखादी जुनी गाडी घेऊन, आतून नटवून शेतात उभी करावी असा विचार कुणाच्या मनात आला तर नवल नाही. म्हणून ज्यांनी ही वाट आधी तुडवली, त्यांच्या खाचखळग्यांची माहिती असलेली बरी.

हे घर आलं कुठून?

मोटारगाड्या सामान्य माणसाच्या हाती आल्यावर तंबू घेऊन भटकणाऱ्यांची संख्या अमेरिकेत वाढली. १९१९ साली फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा गावी अशा भटक्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटनाच काढली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात कामधंदा शोधत फिरणारी कितीतरी कुटुंबं ट्रेलरातच राहिली. म्हणजे याची सुरुवात नुसत्या हौसेची नाही, गरजेचीही आहे. वॉली बायम या गृहस्थांच्या एअरस्ट्रीम कंपनीनं १९३६ साली 'क्लिपर' नावाचा चकचकीत ॲल्युमिनियमचा, रिबिटांनी जोडलेला ट्रेलर बाजारात आणला. त्या घडणीचे ट्रेलर आजही तिथल्या रस्त्यांवर दिसतात. पुढं इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं.

एअरस्ट्रीम झाला श्रीमंतांचा. साध्या ट्रेलरची बांधणी वेगळी. दीड-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये काचेच्या कापसाचा थर आणि आतून जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लायवूड. त्या प्लायवर लाकडाच्या रेघा छापलेला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. लांबून सागवानी भिंत वाटावी, पण बोटानं टकटक केलं की खोका वाजल्यासारखा आवाज येतो.

आतली फॅशन दर दहा-पंधरा वर्षांनी पालटली. १९७० च्या आसपास गडद तपकिरी भिंती, हिरवट-पिवळी शेगडी आणि नारिंगी जाड गालिचे होते. १९८० नंतर फुलाफुलांच्या गाद्या, खिडकीवर कापडी झालरी आणि सगळीकडं बदामी-तपकिरी रंग. एके काळी हे झोकदार होतं. आता आत पाऊल टाकलं की अंधारल्यासारखं होतं. जागा आधीच आठ फूट रुंदीची, त्यात भिंती काळपट, मग ती आणखी आवळल्यासारखी वाटते. म्हणून मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो पांढऱ्या रंगाचा. इथंच बहुतेकजण घसरतात.

आधी शाकारणी

मिरग जवळ आला की आपण आधी काय करतो? भिंती सारवतो की कौलं शाकारतो? हे सांगायला शहाणा लागत नाही. पण विकत घेतलेल्या ट्रेलरबाबत माणूस नेमकं उलटं करतो. आतून रंग मारतो, पडदे लावतो, फोटो काढतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात.

ट्रेलरचा खरा वैरी पाणी. छताचे सांधे, हवेची झडप, खिडकीची चौकट आणि कोपऱ्याच्या पट्ट्या या चार जागांतून ते शिरतं. रस्त्यावर गाडी हादरते, सांधे हलतात, लावलेला मसाला उन्हानं कडक होऊन तडकतो. पाणी आत गेलं की पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये अडकून राहतं. बाहेरून काही दिसत नाही, आतून कागद गुळगुळीत राहतो आणि मधला लाकडी सांगाडा मात्र कुजत असतो. पोखरलेल्या उसागत सगळा प्रकार, वरून कांडं साबूत आणि आत लाल भुसा.

आपल्या गावात असा प्रसंग आला तर संवाद साधारण असा व्हायचा.

"सुतारमामा, आतनं झकास रंग मारून द्या. पाव्हणे उतरायचेत."

"मारतो की दादा. पण मारू कशावर? अंगठा लावला तर भित आत जातीय."

मामांचं म्हणणं सोळा आणे खरं. घेण्याआधी पुढील तपासणी करावी :

- आत शिरताच दार लावून वास घ्यावा. कुबट वास आला तर कुठंतरी ओल आहेच.
- खिडकीखाली, कोपऱ्यात, पलंगाखाली आणि कपाटाच्या आत अंगठ्यानं दाबून पाहावं. मऊ लागलं तर तिथं कूज आहे.
- जमिनीवर दारापाशी आणि मोरीजवळ टाच आपटून चालावं. जमीन दबली तर खालचं प्लाय गेलेलं असतं.
- छपरावर पाइपानं पाणी सोडावं. सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर जावं आणि आत एकानं बॅटरी घेऊन बसावं. कुठल्या उंचीला पाणी पोचल्यावर आत ठिपका येतो, ते बरोबर कळतं.

आणखी एक ध्यानात ठेवावं. ओल दिसते तिथंच पाणी शिरलेलं असतं असं नाही. ते लाकडाच्या पट्टीवरून वाहत येतं आणि हातभर लांब उतरतं. म्हणून डाग आहे तिथं नुसता मसाला भरून भागत नाही. पत्रा किंवा प्लाय उघडायचं, कुजलेली पट्टी कापून नवी जोडायची, चांगलं ऊन देऊन वाळवायचं, सांधा बाहेरून बंद करायचा आणि मगच आतून मिटवायचं. ओली भिंत झाकणं म्हणजे ओलं सोयाबीन पोत्यात भरून थप्पी लावण्यासारखं आहे.

रंग द्यायची रीत

छप्पर पक्कं झालं, आता रंगाकडं वळू. छापील कागदाची भिंत ही तेलकट, गुळगुळीत. त्यावर घरचा रंग थेट मारला तर नखानं सालपट निघतं. तिकडचे अनुभवी लोक पाच पायऱ्यांनी जातात.

पहिली, वर्षानुवर्षांचा स्वयंपाकाचा मेणचट थर साबणाच्या पाण्यानं धुऊन काढणं. दुसरी, बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवणं. उद्देश कागद सोलायचा नाही, फक्त चकाकी मोडायची. कागद सोलायला गेलं की त्याबरोबर पातळ प्लायचा पदरही निघतो आणि भिंत हातची जाते. तिसरी, भोकं आणि चिरा लांबी भरून सारख्या करणं. चौथी, गुळगुळीत पृष्ठभागाला धरून बसणारा प्रायमर. पाचवी, रंगाचे दोन पातळ हात, मधे पुरता वाळायला वेळ देऊन. जाड एक हात मारून वेळ वाचवला तर तो काही महिन्यांत दगा देतो.

एक इशारा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या ट्रेलरात शिशाचा रंग आणि जमिनीच्या जुन्या फरशीपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. असा रंग कोरडा घासला किंवा अशी पट्टी फोडली तर धूळ फुप्फुसात जाते. हे तिकडचंच आहे असं समजू नये. जुन्या वस्तूवर पॉलिश पेपर चालवताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा, आणि लेकरं लांब हवीत.

गाडी उलाळ होऊ देऊ नका

दुसरी मोठी चूक वजनाची. घर सजवताना माणूस घरासारखाच विचार करतो. ओट्याला ग्रॅनाइट, जमिनीला टाइल्स, कपाटाला जाड प्लाय. पण हे घर उभं आहे चाकांवर.

साधा हिशेब करू. चिनीमातीची टाइल चिकटवण्याच्या मसाल्यासह चौरस फुटाला दीड-दोन किलो भरते. साठ चौरस फूट जमिनीला ती बसवली की शंभर किलोच्या आसपास बोजा वाढला. दहा चौरस फूट ग्रॅनाइटचा ओटा चाळीस-पंचेचाळीस किलोंचा. अठरा मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा एक प्लाय पस्तीस किलोंच्या घरात. असे चार प्लाय लागले की झाली भरती. टाकीतलं पाणीही मोजावं लागतं, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो.

प्रत्येक ट्रेलरवर त्याचं जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेली पट्टी असते. आस, स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक त्या आकड्यापुरतेच घडवलेले असतात. त्यापलीकडं गेलं की टायर फुटणं, आस वाकणं हे ठरलेलं.

वजन किती याइतकंच ते कुठं आहे हेही महत्त्वाचं. हे बैलगाडीवाल्याला समजावायची गरज नाही. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर दाब येतो. ट्रेलरचं शास्त्र तेच. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर असावा असा तिकडचा नेम आहे. त्याहून कमी भरला तर वेगात असताना ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडं झोल खाऊ लागतं आणि ओढणाऱ्या मोटारीला घेऊन पलटी होतं. मागच्या बाजूला जड कपाट बसवण्याआधी एवढं आठवावं.

म्हणून अनुभवी माणसं टाइलऐवजी प्लास्टिकचा चिकट पत्रा, ग्रॅनाइटऐवजी सनमायका लावलेली हलकी फळी, दाराऐवजी पडदा आणि जाड प्लायऐवजी पातळ प्लायला मागून पट्ट्या असा मार्ग धरतात. टाइलचं दुसरं दुखणं असं की रस्त्याच्या हादऱ्यानं तिचे सांधे फुटतात.

गालिचा, गाद्या आणि दिवे

जुना गालिचा काढणं हे सगळ्यात घाणीचं काम. ओल, धूळ, कुत्र्या-मांजराचे केस सगळं त्यात मुरलेलं असतं. तो शेकडो तारेच्या पिनांनी ठोकलेला असतो. एकेक पिन पक्कडीनं ओढून काढावी लागते. कंटाळून ती तशीच ठेवली तर नव्या जमिनीतून वर येते आणि पायात घुसते.

बसायच्या बाकांचा रात्री पलंग होतो, ही या घराची खुबी. मधलं टेबल खाली उतरतं, पाठीच्या गाद्या त्यावर बसतात. हे जुनं कसब मोडू नये. गाद्यांना नवी खोळ शिवली तरी रूप पालटतं, आणि हे काम गावातली शिलाई करणारी बाई करू शकते. खोळ काढून धुता येईल अशी, चेन लावलेली असावी. खिडकीवरच्या कापडी पेट्या आणि झालरी काढल्या तर दोन-तीन इंच उजेड जास्त येतो आणि धुळीचं घरटंही मोडतं.

आतले दिवे बहुधा बॅटरीवरचे, १२ व्होल्टचे. जुना पिवळा बल्ब १८ वॉटच्या आसपास वीज खातो. तेवढाच उजेड देणारा एलईडी दोन-तीन वॉटमध्ये काम भागवतो. गरमही होत नाही. सौर पत्र्यावर गाडी चालवायची असेल तर ही पहिली सुधारणा.

नव्या वासाचा धोका

नव्या फर्निचरचा उग्र वास पुष्कळांना आवडतो. त्यामागं काय असतं, हे अमेरिकेला महागात पडून कळलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं लुईझियाना आणि मिसिसिपी राज्यांचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर कुटुंबांसाठी तिथल्या सरकारनं लाखाहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरं पुरवली. त्यात राहणारी माणसं डोळे चुरचुरणं, खोकला, नाकातून रक्त अशा तक्रारी सांगू लागली. पुढं सरकारी आरोग्य खात्यानं ५१९ घरांतली हवा तपासली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. हवेत फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सरासरी ७७ भाग प्रति अब्ज इतका निघाला. नेहमीच्या घरांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. हा वायू प्लाय आणि दाबून केलेल्या भुश्याच्या फळ्यांतल्या डिंकातून सुटतो, आणि उष्म्यानं, दमट हवेनं जास्त सुटतो. २०१० साली अमेरिकेनं यासाठी वेगळा कायदा केला.

धडा आपल्यालाही लागू आहे. छोटी बंद जागा, कडक ऊन आणि स्वस्त भुश्याची फळी ही तिन्ही एकत्र आली की हवा बिघडते. कमी वायू सोडणारं प्लाय मागावं, कापलेल्या कडा सनमायकानं किंवा रंगानं बंद कराव्यात आणि काम झाल्यावर दारं-खिडक्या उघड्या टाकून गाडी काही आठवडे हवेशीर ठेवावी. वास आहे तोवर लेकराबाळांना आत झोपवू नये.

गॅसशी खेळ नको

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून ट्रेलरच्या तळाशी जाळीची भोकं ठेवलेली असतात. सजावटीच्या भरात 'इथून धूळ येते' म्हणून ती बुजवणारे आहेत. जुन्या ट्रेलरातला गॅसवरचा फ्रीज मागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकतो. तिच्यावर फळी ठोकली तर फ्रीजही जातो आणि आगीलाही आवतण मिळतं. शेगडीजवळ पडदा नको. दाराशिवाय बाहेर पडायला एक मोठी खिडकी मोकळी हवी. तिच्यासमोर कपाट उभं करू नये.

सगळंच जुनं टाकाऊ नसतं

रंगाचा डबा हाती आला की काही दिसेनासं होतं. जुन्या चांगल्या ट्रेलरांत बर्च लाकडाचे खरे पातळ पत्रे, जस्ताच्या मुठी, मूळ शेगडी असते. त्यावर एकदा पांढरा रंग बसला की परत लाकूड दिसणं कठीण. अशा मूळ घडणीच्या गाड्यांना तिकडं जाणकार जास्त किंमत देतात. तेव्हा कागदी भिंत खुशाल रंगवावी, पण खरं लाकूड असेल तर ते पुसून, तेलपाणी करून राखावं. आजोबांचा शिसवी देव्हारा कुणी ऑइलपेंटनं रंगवत नाही, त्यातलाच हा भाग.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

आता गावाच्या बाजूचं दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं परवानगीबाह्य बदलाला कैद किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंडही ठेवला. पडदा, गादी, रंगाचा आतला हात हा प्रश्न नाही. पण जुनी मिनी बस घेऊन बाकडी काढली, पलंग-मोरी बसवली की आधी परिवहन कार्यालयाची वाट धरावी. धोरणातल्या सवलतींची चौकशी पर्यटन संचालनालयाकडं करावी. गावात कुणी सांगितलं म्हणून पैसे गुंतवू नयेत.

दुसरा प्रश्न मैल्याचा. या घराला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. पाहुणे फोटो काढून निघून जातील, तिसरी टाकी रिकामी कुठं झाली हे ग्रामपंचायतीनं विचारलं पाहिजे. ओढ्यात, चारीत, विहिरीजवळ हरगीज नाही. पक्का सेप्टिक टँक हवा. शिवाय वास मारण्यासाठी टाकीत जी कडक रसायनं टाकतात, ती सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मारतात. सौम्य औषध वापरण्याची अट आधीच घालावी.

तिसरं, ऊन. पत्र्याचं घर मे महिन्यात उघड्या माळावर उभं केलं तर आत माणूस टिकणार नाही. लिंबाची, आंब्याची सावली किंवा वर मांडव पाहिजे. सावलीचा खर्च रंगाच्या खर्चाआधी धरावा.

एकंदर क्रम असा : छप्पर, सांगाडा, गॅस-वीज, वजन, मग रंग आणि सगळ्यात शेवटी झालर. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांचं चाकावरचं घर पुढची पंधरा-वीस वर्षंही रस्त्यावर राहतं. ज्यांनी उलटा पाळला त्यांना दोन पावसाळ्यांनी तेच घर भंगारवाल्याला दाखवावं लागतं. पैसे शेतातून येणारे असतील तर हा क्रम जास्तच जपावा. पाहुण्याला पडदा आवडतो हे खरं, पण रात्री पाऊस आला तर तो वर पाहतो.